निरंक

फेरो बेटांवर, व्हागुरच्या धक्क्यापाशी,
मासे बर्फात भरायच्या शेडवर एक खोली आहे.
तिथे रान्वा बसते.
खिडकीवर मिठाची साय,
टेबलावर वाळवलेलं मेंढीचं मांस, चाकू, दोन स्क्रीन.

तिचं काम उवा मोजण्याचं.
म्हणजे मोजतो होग्नी.
दर पंधरवड्याला बोट घेऊन खाडीत जातो,
पिंजऱ्या-पिंजऱ्यातून थोडे सॅलमन काढतो,
गुंगीच्या पाण्यात निजवतो
आणि अंगावरच्या समुद्री उवा बोटांनी चाचपतो, एकेक.
रान्वा त्या आकड्यांना फक्त राहायला जागा देते.

जागेचं नाव तिने ठेवलं होतं: आकड्यांचा अ‍ॅरे.
बस्स.
किती आकडे, असतील की नसतील,
काही विचारलं नव्हतं.
पंगत मांडावी आणि पानं कुणी मोजू नयेत, तसं.
कंपायलर गप्प.
विचारलं तर सांगेन, या स्वभावाचा.

फेब्रुवारीत सातव्या पिंजऱ्याचा अहवाल हिरवा आला.
सरासरी उवा: शून्य.
तोर्शाव्हनच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन:
उत्तम, म्हणाल्या, असंच चालू द्या.

होग्नी जिना चढून आला, बुटांतलं पाणी फरशीवर.
"सातव्याकडे मी गेलोच नव्हतो.
वारा असा होता, की शेडचं दार
तिसऱ्या घरामागे सापडलं."

रान्वाने कोड उघडला.
रिकाम्या अ‍ॅरेची बेरीज शून्य, लांबीही शून्य,
आणि शून्याला शून्याने भागायची वेळ येताच कुणीतरी
(कुणीतरी म्हणजे तीच, तीन वर्षांपूर्वी, शुक्रवारी दुपारी)
लिहून ठेवलं होतं:
अडचण आली तर शून्य द्या.

मराठीत एक शब्द आहे, तिला ठाऊक नसलेला.
निरंक.
म्हणजे गेलो, पाहिलं, शोधलं, आढळलं नाही, खाली सही.
कोऱ्या रकान्याखाली
सही करायला कुणी नसतं.

तिने नवा टाइप लिहिला.
मोजणी म्हणजे एकतर "गेलो नाही", आणि सोबत कारण;
नाहीतर "मोजलं", आणि सोबत एक मासा,
तो असलाच पाहिजे,
त्याच्यामागे उरलेले, ते नसले तरी चालतील.
एवढ्या दोन ओळी.
सेव्ह केलं,
आणि एक्केचाळीस ठिकाणी लाल रेघा.

पहिला मासा घ्या. कुठला पहिला?
सर्वांत मोठा आकडा दाखवा. कशातला?
प्रत्येक आकडा दुप्पट केला तर "किमान एक" टिकतं,
हे कंपायलरला पटवता आलं.
पण जखमी मासे चाळून टाकले,
की चाळणीखाली काही उरेल याची हमी कोण देणार?
तिथे तो अडून बसला.
रान्वा त्याच्यावर चिडली, चहा गार झाला,
मग लक्षात आलं, बरोबर आहे मेल्याचं,
आणि पुन्हा विचारलं: उरलं का काही?
एकोणीसाव्या रेघेपाशी रात्र झाली.
तिसाव्याला तिने स्वतःचीच जुनी टिप्पणी वाचली:
"हे कधीच रिकामं नसतं."

गुरुवारी लाल संपलं.
सातवा पिंजरा राखाडी झाला: मोजणी नाही. वारा.
त्या बाईंचा पुन्हा फोन,
मागच्या वेळी तर छान होतं, आता काय बिघडलं?

होग्नी स्क्रीनसमोर वाकला.
"आठवडाभर एवढंच केलंस?"
"हो. तू गेला नव्हतास, हे लिहिलं."
त्याने मांसाची एक पातळ चकती कापली,
चाकूच्या टोकावरच तिच्यापुढे धरली.
"ते मी त्याच दिवशी सांगितलं असतं.
विचारलं असतंस तर."

शनिवारी वारा पडला. तो बोट घेऊन गेला.
दुपारी फोन आला, मागे इंजिनाची घरघर,
त्याचे शब्द अर्धे पाण्यात:
सातवा. पहिला मासा.
तीन.